राष्ट्राध्यक्षांविना एक दफनविधी

२९ मार्च २०१७. जोहान्सबर्गच्या वेस्टपार्क दफनभूमीत मोठा मांडव घातला होता. आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदविरोधी लढ्यातले जुने कार्यकर्ते अहमद कथराडा गेले. वय ८७. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली होती, त्यानंतर प्रकृती सावरलीच नाही. मुस्लिम रिवाजाप्रमाणे मय्यत ठेवायची नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळे जमले. माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी आले होते, उपराष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा होते, विनी मंडेला होत्या. देशाचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा मात्र नव्हते. कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन ते येणार नाहीत, असं त्यांच्याच कार्यालयानं जाहीर केलं होतं.

आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, खगालेमा मोटलांथे, बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, गेल्या वर्षी ३१ मार्चला या भल्या माणसानं राष्ट्राध्यक्ष झुमांना एक पत्र लिहिलं होतं आणि त्याला रीतसर उत्तर काही आलं नाही. मग त्यांनी ते पत्र वाचायला घेतलं. 'पायउतार होण्याचा विचार करा' अशी विनंती करणारं पत्र, लिहिणारा समोर कफनात. मांडवातली माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

आपल्याकडे 'मरणान्तानि वैराणि' म्हणायची पद्धत आहे. माणूस गेला की भांडणं बाजूला ठेवायची, दोन चांगले शब्द बोलायचे, हात जोडायचे आणि घरी यायचं. त्यामुळे हे चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही जरा चपापलो. कुणाच्या मयताला जाऊन सत्ताधाऱ्याचा राजीनामा मागायचा, त्यावर टाळ्या वाजवायच्या? पण दक्षिण आफ्रिकेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की मांडवात त्या दिवशी कुणी रीत मोडत नव्हतं. ती तिथली रीतच आहे. ती कशी तयार झाली ते समजलं, तर वर्णभेदविरोधी लढ्यातला एखादा जुना कार्यकर्ता गेल्यावर तो देश असा का वागतो तेही कळतं.

आधी कथराडांविषयी. त्यांचे आईवडील मूळचे सुरतेकडच्या लाचपूर गावचे. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९२९ चा, पश्चिम ट्रान्सवालमधल्या श्वायझर-रेनेके या छोट्या गावातला. घरचं दुकान होतं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. गोऱ्यांच्या शाळेत हा मुलगा चालत नव्हता, काळ्यांच्या शाळेत त्याला जाता येत नव्हतं आणि भारतीयांसाठी गावात शाळाच नव्हती. आठ वर्षांच्या पोराला मग घर सोडून जोहान्सबर्गला पाठवावं लागलं. पुढच्या आयुष्यात त्यांनी वर्णभेदाविरुद्ध पुष्कळ भाषणं केली असतील, पण मला वाटतं त्यांचं राजकारण या घर सुटण्यातच सुरू झालं.

तेव्हा 'अपार्थाइड' हा शब्द अजून सरकारी धोरण व्हायचा होता. आफ्रिकान्स भाषेत त्याचा साधा अर्थ 'वेगळेपण'. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि तिनं या वेगळेपणाचे कायदे केले. प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद. कोणत्या वंशानं कुठं राहायचं ते ठरलेलं. शाळा, दवाखाना, समुद्रकिनारा, बाकडं, सगळं वेगळं. गोरे सर्वांत वर, त्यांच्या खाली भारतीय आणि 'कलर्ड' म्हणजे मिश्र वंशाचे, आणि सर्वांत खाली देशातले बहुसंख्य काळे आफ्रिकन. उतरंड म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. वरच्या पायरीवरून थोडं जास्त मिळालं की खालच्याशी हात मिळवायला माणूस कचरतो, आणि व्यवस्था टिकते ती त्या कचरण्यावर.

कथराडा कचरले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. भारतीयांच्या जमीनमालकीवर बंधनं घालणारा कायदा १९४६ मध्ये आला, त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सोळा-सतरा वर्षांच्या अहमदनं शाळा सोडली आणि त्यात उडी घेतली. पहिला तुरुंगवास एका महिन्याचा, डर्बनला. (त्याच वर्षी भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. स्वातंत्र्य मिळायच्या आधीची ही गोष्ट आहे.) पुढं जोहान्सबर्गच्या मार्केट स्ट्रीटवर 'खोलवड हाउस' नावाच्या इमारतीत, १३ नंबरच्या फ्लॅटमध्ये ते राहू लागले. खोलवड हे सुरतेजवळचं गाव, नाव तिथूनच आलं. या फ्लॅटमध्ये सगळ्या वंशांचे कार्यकर्ते यायचे, जेवायचे, वाद घालायचे, तिथंच झोपायचे. नेल्सन मंडेला नावाचा वकिलीचा एक विद्यार्थीही तिथं मुक्काम टाकायचा. सगळे कथराडांना 'कॅथी' म्हणत, पुढच्या पिढ्यांसाठी ते 'अंकल कॅथी' झाले.

११ जुलै १९६३ ला जोहान्सबर्गजवळच्या रिव्होनिया भागातल्या लिलीसलीफ नावाच्या शेतघरावर, म्हणजे भूमिगत कार्यकर्त्यांच्या लपायच्या जागेवर, पोलिसांनी छापा घातला. त्यातून घातपाताचा जो खटला उभा राहिला त्यात आठ जणांना १२ जून १९६४ रोजी जन्मठेप झाली: मंडेला, वॉल्टर सिसुलू, गोव्हन म्बेकी, रेमंड म्हलाबा, इलायस मोट्सोआलेदी, अँड्र्यू म्लांगेनी, डेनिस गोल्डबर्ग आणि अहमद कथराडा. गोल्डबर्ग गोरे होते, म्हणून त्यांना प्रिटोरियाच्या वेगळ्या तुरुंगात ठेवलं. जन्मठेपेतही वंश मिसळू द्यायचे नव्हते. बाकीचे सात रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गेले. त्यांत कथराडा सर्वांत लहान, ३४ वर्षांचे.

बेटावर पोचताच त्यांना लांब विजार मिळाली. मंडेला आणि इतर काळ्या सहकाऱ्यांना मिळाली अर्धी चड्डी, घरगड्याला देतात तशी. ऐन थंडीचे दिवस. जेवणातही तसंच, भारतीय कैद्याला पाव आणि थोडी जास्त साखर, काळ्या कैद्याला पाव नाहीच. कथराडांना हे घशाखाली उतरेना. आपला जादा वाटा सोडून द्यावा असं त्यांच्या मनात होतं. सहकाऱ्यांनीच त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की मिळालेलं सोडायचं नाही, सगळ्यांना तेवढंच मिळावं म्हणून भांडायचं, बरोबरी व्हायची तर ती वरच्या पायरीवर व्हावी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण त्यागाचा मोह मोठा असतो आणि त्यातून दुसऱ्याच्या ताटात काही पडत नाही.

बेटावर १८ वर्षं, मग मुख्य भूमीवरच्या पोल्समूर तुरुंगात सात. १५ ऑक्टोबर १९८९ ला सुटका झाली तेव्हा अटकेला २६ वर्षं आणि तीन महिने उलटले होते. तुरुंगात सर्वांत जास्त कशाची उणीव भासली असं विचारलं की ते सांगत, लहान मुलांची. वीस वर्षं त्यांनी जवळून एक मूल पाहिलं नव्हतं.

बेटावरच्या तुरुंगात कैद्यांना शोक करायचीही मोकळीक नव्हती. १९६८ मध्ये मंडेलांची आई वारली, त्यांना अंत्यविधीला जाऊ दिलं नाही. पुढच्याच वर्षी थोरला मुलगा थेंबी मोटार अपघातात गेला, तेव्हाही परवानगी नाकारली. तार हातात घेऊन मंडेला कोठडीत पडून राहिले. सिसुलू आत आले, त्यांनी तार वाचली आणि काही न बोलता त्यांचा हात धरून बसून राहिले. बस, एवढाच दुखवटा.

बाहेर त्याच वर्षांत उलट घडत होतं. शोक खासगी राहिलाच नव्हता.

त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. संघटनांवर बंदी होती. सभा, मोर्चे यांना परवानगी नसे. पुढाऱ्यांवर 'बॅनिंग'चे हुकूम असत, म्हणजे तो माणूस एका वेळी एकापेक्षा जास्त लोकांना भेटू शकत नसे आणि त्याचे शब्द छापायलाही मनाई. पण माणूस मेला तर त्याला मूठमाती द्यावीच लागते. चर्चमध्ये प्रार्थना होणार, रात्रभर जागरण होणार, लांबून नातेवाईक येणार. ते कोणतं सरकार अडवणार? हजारो माणसांनी एकत्र यायची जवळपास एकच वाट उरली होती आणि ती दफनभूमीकडे जाणारी होती.

'ब्लॅक कॉन्शसनेस' म्हणजे काळ्यांच्या आत्मभानाच्या चळवळीचे तरुण नेते स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ ला पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. त्यांच्या दफनविधीला येणाऱ्या बसगाड्या पोलिसांनी रस्त्यात अडवून परत पाठवल्या, तरी हजारो लोक पोचले, परदेशी वकिलातींचे प्रतिनिधीही आले. तिथून पुढे वळण लागलं. बंदी असलेल्या संघटनेचा झेंडा शवपेटीवर पडू लागला. पुरोहिताच्या प्रार्थनेनंतर भाषणं, भाषणांनंतर मुठी वर. एक आवाज 'अमांडला!' म्हणणार, म्हणजे सत्ता. सगळे उत्तर देणार 'अवेथू!', म्हणजे आमची. आणि शेवटी निरोपाचे शब्द, 'हंबा काहले'. सांभाळून जा, नीट जा. घरून निघालेल्या माणसाला आपण म्हणतो तसेच.

२१ मार्च १९८५. शार्पव्हिलच्या गोळीबारात ६९ माणसं मारली गेली त्याला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षं झाली होती. यूटेनहाग गावाजवळ लांगा वस्तीतून लोक एका अंत्यविधीसाठी निघाले होते, पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. किमान २० माणसं गेली. म्हणजे एका मयताला निघालेल्यांतून वीस मयतं तयार झाली, मग त्यांचे अंत्यविधी, तिथं पुन्हा गर्दी आणि पुन्हा पोलीस. त्या वर्षी अनेक वस्त्यांत हे चक्र आठवड्यामागून आठवडे फिरत राहिलं.

जूनमध्ये क्रॅडॉक गावचे चार कार्यकर्ते रस्त्यातून गायब झाले आणि त्यांचे जळालेले मृतदेह सापडले: मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्कोंटो, सिसेलो म्हलाउली. गोनिवे शाळामास्तर होते. २० जुलैला त्यांना निरोप द्यायला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली, आणि बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचा लाल झेंडा तिथं उघड फडकला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी देशाच्या काही भागांत आणीबाणी जाहीर केली. ३१ जुलैला अंत्ययात्रांसाठी खास नियमावली निघाली. ती वाचली की सरकारला नेमकी कशाची भीती होती ते कळतं. एका वेळी एकाच मृताचा अंत्यविधी करायचा. तो उघड्यावर नाही, छपराखाली. बोलायचं फक्त दीक्षा घेतलेल्या पुरोहितानं, आणि त्यानंही सरकारबद्दल काही बोलायचं नाही. झेंडे, फलक, ध्वनिक्षेपक नकोत. पायी जायचं नाही, वाहनातून जायचं. एवढ्या मोठ्या लष्करी ताकदीचं सरकार, आणि ते मयताला चालत जाणाऱ्या माणसाला घाबरत होतं.

या सगळ्याला एक काळी बाजूही होती. राग इतका पेटलेला असे की खबऱ्या असल्याच्या संशयावरून जमावानं तिथल्या तिथं माणसं मारली. दुदुझा वस्तीत १९८५ च्या जुलैमध्ये अशाच एका अंत्यविधीनंतर जमावानं एकाला धरलं, तेव्हा बिशप डेस्मंड टुटू स्वतः गर्दीत घुसले आणि त्याला सोडवून बाहेर काढलं. दरवेळी टुटू जवळ नव्हते. हे सांगितल्याशिवाय त्या अंत्ययात्रांचं वर्णन पूर्ण होत नाही.

एप्रिल १९९३ मध्ये क्रिस हानी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. वर्णभेद संपवायच्या वाटाघाटी चालू होत्या, निवडणुकीची तारीख ठरली नव्हती, आणि तरुणांचा सर्वांत लाडका नेता मारला गेला. त्या रात्री दूरचित्रवाणीवर देशाला उद्देशून बोलले ते मंडेला, जे तोवर कोणत्याही सरकारी पदावर नव्हते. ते म्हणाले की खुनी गोरा होता, आणि त्याच्या गाडीचा नंबर टिपून त्याला पकडून देणारी बाईही गोरीच होती. देश पेटता पेटता राहिला, आणि थोड्याच आठवड्यांत निवडणुकीची तारीख ठरली: २७ एप्रिल १९९४.

तर २०१७ च्या त्या मांडवात बसलेली बहुतेक पिकल्या केसांची माणसं या अंत्ययात्रांत चालून आलेली होती. मृताच्या साक्षीनं जिवंतांना जाब विचारायचा, हे ती तरुणपणापासून करत आली होती. फरक इतकाच की आता सत्तेवर त्यांचाच पक्ष, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, होता.

कथराडांना हे पत्र लिहायला सोपं गेलं नसणार. आपल्या संघटनेविषयी बाहेर जाहीर काही बोलायचं नाही, ही शिस्त त्यांनी सात दशकं पाळली होती. पण झुमांच्या न्कांडला गावच्या खासगी घरावर सार्वजनिक पैसा खर्च झाला, तो भरायला सांगूनही त्यांनी दाद दिली नाही, आणि ३१ मार्च २०१६ ला घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला की राष्ट्राध्यक्षांनी राज्यघटना पाळली नाही. त्याच दिवशी ८६ वर्षांच्या कथराडांनी ते पत्र लिहिलं. भाषा अतिशय मवाळ आहे. सुरुवात 'कॉम्रेड' म्हणून, शेवटी विनंती. त्यात कुठं शिवी नाही, धमकी नाही. तरीही पुढच्या वर्षभरात झुमांवर त्याचा परिणाम दिसला नाही.

दफनविधीत आणखी एक प्रसंग घडला. अर्थमंत्री प्रवीण गोर्धन समोर बसले होते. दोनच दिवसांपूर्वी झुमांनी त्यांना परदेश दौऱ्यातून तडकाफडकी परत बोलावलं होतं, त्यांचं पद जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. व्यासपीठावरून त्यांना उभं राहायला सांगितलं गेलं. उद्या मंत्री असा नसा, तुम्ही कथराडांच्या मूल्यांना धरून राहिलात, अशा अर्थाचे शब्द त्यांना ऐकवले आणि सगळा मांडव त्यांच्यासाठी उभा राहिला. गोर्धन यांचे डोळे भरून आले. ३० मार्चच्या मध्यरात्री त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. सरकारी शोकसभा शनिवारी व्हायची होती, ती सरकारनं पुढे ढकलली. मग १ एप्रिलला जोहान्सबर्गच्या सिटी हॉलमध्ये सरकारशिवायच शोकसभा झाली, आणि तिथं गोर्धन बोलले. कथराडांच्या सहचारिणी बार्बरा होगन यांनीही झुमांवर उघड टीका केली. त्या स्वतः १९८२ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली दहा वर्षांची शिक्षा झालेल्या. दुःखात असलेल्या बाईनं राजकारण कशाला बोलावं, असं म्हणायची कुणाची छाती होती?

झुमा लगेच गेले नाहीत. १४ फेब्रुवारी २०१८ ला, पक्षानंच सांगितल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. एका दफनविधीमुळे ते गेले असं मी म्हणणार नाही, त्यामागं पुष्कळ काही होतं. पण पक्षातल्या जुन्या लोकांचा अवघडलेपणा त्या मांडवात सुटला, असं मला वाटतं.

सरकारी इतमाम आणि कुटुंबाचा हक्क यांची ओढाताण तिथं त्यानंतरही दिसली. एप्रिल २०१८ मध्ये विनी मंडेला गेल्या. सोवेटोच्या ऑर्लँडो मैदानावर त्यांना निरोप देताना विरोधी पक्षाचे पुढारी ज्युलियस मालेमा यांनी, १९८९ मध्ये विनींना जाहीरपणे दूर लोटणारे समोरच बसले आहेत, हे भर सभेत बोलून दाखवलं. विनींच्या अंगरक्षकांच्या टोळीनं केलेल्या हिंसेची जबाबदारी वर्णभेदकाळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगानं त्यांच्यावर ठेवली होती, तेही लोक विसरले नव्हते. प्रेम आणि हिशेब दोन्ही एकाच मैदानात. डिसेंबर २०२१ मध्ये टुटू गेले, त्यांनी तर आधीच बजावून ठेवलं होतं: सर्वांत स्वस्त पेटी, बडेजाव नको. पाइनच्या साध्या लाकडाची, दोरीच्या कड्यांची पेटी केप टाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये ठेवली गेली. आयुष्यभर इतरांच्या अंत्यविधींत बोललेल्या माणसानं स्वतःच्या अंत्यविधीत तेवढंच बोलून ठेवलं.

पण एवढं सगळं सांगूनही कथराडांचा विचार करताना मला शेवटी आठवते ती १५ डिसेंबर २०१३ ची सकाळ. कुनू गावात मंडेलांना निरोप देताना कथराडा बोलायला उभे राहिले होते. व्यायामानं कमावलेल्या शरीराचा, खाणीत दगड फोडणारा मंडेला आणि इस्पितळातल्या खाटेवरचा थकलेला मंडेला, दोघांविषयी ते बोलले. शेवटच्या भेटीत मंडेलांनी त्यांचा हात घट्ट धरला होता, भेट संपेपर्यंत सोडला नव्हता. वॉल्टर सिसुलू गेले तेव्हा वडील गेले, आता भाऊ गेला, असं ते म्हणाले. आवाज थरथरत होता. आयुष्य पोकळ झालंय, आता कुणाकडे वळू ते कळत नाही, असं सांगून ते थांबले. जगभरचे पुढारी त्या दिवशी ऐकत होते, आणि बोलणारा ८४ वर्षांचा माणूस अगदी घरच्यासारखा रडवेला झाला होता.

कथराडा गेले तेव्हा रिव्होनियाच्या आठांपैकी दोघं उरले. गोल्डबर्ग एप्रिल २०२० मध्ये गेले. म्लांगेनी सर्वांत शेवटचे, २१ जुलै २०२०, वय ९५. करोनाची लाट भरात होती आणि नियमाप्रमाणे अंत्यविधीला जास्तीत जास्त ५० माणसं. सोवेटोनं आपल्या या शेवटच्या माणसाला घरात बसून, टीव्हीवर पाहून निरोप दिला.